पहिली शॉटगन घेताय? स्पोर्टिंग की टॅक्टिकल, हे ठरवण्याआधी

माझी पहिली शॉटगन काळी, आखूड आणि पंप अ‍ॅक्शन (पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस बदलणारी) होती. १८.५ इंची नळी, पॉलिमरचा दस्ता, त्याला पिस्तुलासारखी मूठ. दिसायला रुबाबदार होती म्हणून घेतली. ती घेऊन स्कीटच्या, म्हणजे उडत्या तबकड्या फोडण्याच्या खेळाच्या, मैदानावर सरावाला उभा राहिलो आणि पहिल्या फेरीत २५ पैकी ४ तबकड्या फुटल्या. पुढचा महिनाभर मी नेम सुधारायच्या मागे लागलो. मग तिथल्या एका जुन्या नेमबाजांनी आपली ३० इंची ओव्हर-अंडर (एकावर एक दोन नळ्यांची) माझ्या हातात दिली आणि त्याच दुपारी ११ फुटल्या. एका दुपारीत माझा नेम काही सुधारला नव्हता. ती बंदूक त्या कामासाठी बनवलेली होती, एवढाच फरक.

याच्या उलटही पाहिलंय. प्रॅक्टिकल शॉटगनच्या सामन्यात एक जण अक्रोडाच्या दस्त्याची सुंदर ट्रॅपची बंदूक घेऊन आला होता. दोन बार, बंदूक मोडा (म्हणजे बिजागरीवर उघडा), दोन काडतुसं भरा, पुन्हा दोन बार. पोलादी पाट्या १२ होत्या. बाकीचे संपवून बाहेर आले तेव्हा तो अर्ध्यावर होता.

स्पोर्टिंग म्हणजे तबकड्यांच्या खेळांची बंदूक; टॅक्टिकल म्हणजे पोलिसी-लष्करी धाटणीची, प्रॅक्टिकल शॉटगनला वापरतात तशी. नवा माणूस या दोन गटांच्या मध्ये सापडतो. एकाला नक्षीकाम आणि तेल पाजलेलं लाकूड नसलं तर ती बंदूकच वाटत नाही. दुसऱ्याला लाकडाची दुनळी म्हणजे भिंतीवर टांगायची वस्तू वाटते. दोघंही आपापल्या खेळापुरते बरोबर असतात, पण सल्ला देताना खेळ कोणता, हे सांगायचंच राहून जातं. ते आधी ठरवता यावं म्हणून हा लेख.

१. आधी एकच प्रश्न: हलणार कोण?

स्कीट, ट्रॅप, स्पोर्टिंग क्ले या तबकड्यांच्या खेळांत तुम्ही ठरलेल्या जागी उभे असता आणि लक्ष्य उडत असतं. प्रॅक्टिकल शॉटगनमध्ये लक्ष्यं बहुतेक वेळा जागच्या जागी असतात आणि तुम्ही पळत असता: दाराच्या चौकटीतून, अडथळ्यामागून, वाकून. दोन्ही प्रकारच्या बंदुकांमधला जवळजवळ प्रत्येक फरक इथूनच निघतो.

उडत्या तबकडीवर नेम धरत बसायला वेळच नसतो. समजा, तबकडी ३० मीटरवर आडवी जातेय, ताशी ६० किलोमीटरने. छर्रे तिथवर पोचायला साधारण सेकंदाचा दहावा भाग लागतो आणि तेवढ्यात ती दीड मीटरहून जास्त पुढे गेलेली असते. म्हणून नजर तबकडीवर ठेवून नळी तिच्या वाटेवरून ओढत पुढे न्यायची, आणि बार झाल्यावरही हात थांबवायचा नाही. या ओघासाठी लांब नळी, पुढच्या बाजूला थोडं वजन आणि गालाला अचूक लागणारा दस्ता हवा.

स्थिर पाटीवर मात्र शॉटगन रायफलसारखी नेमता येते. मग आखूड नळी, नेमासाठी रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) किंवा मागे गोल कडं असलेली घोस्ट रिंग साइट, लांब मॅगझिन ट्यूब (काडतुसं साठवायची नळी), पटकन काडतूस सरकवता यावं म्हणून रुंद केलेलं लोडिंगचं तोंड, या सगळ्याला अर्थ येतो.

पुढच्या वर्षभरात तुम्ही यातलं काय जास्त करणार आहात, ते कागदावर लिहा. 'दोन्ही' असं लिहू नका. वर्षभरासाठी एकच निवडा.

२. आवडीनिवडीच्या भांडणात पडू नका

हे इतिहास माहीत झाल्यावर मला पटलं. जॉन मोझेस ब्राउनिंग या एकाच अमेरिकी बंदूककाराने विंचेस्टर मॉडेल १८९७ ही पंप अ‍ॅक्शन शॉटगन घडवली आणि सुपरपोझ्ड ही ओव्हर-अंडरसुद्धा. १९२६ मध्ये तो वारला, मुलगा व्हॅल याने काम पूर्ण केलं आणि सुपरपोझ्ड १९३१ मध्ये बाजारात आली. मॉडेल १८९७ मुळात शिकाऱ्यांची बंदूक; पहिल्या महायुद्धात तिची नळी आखूड करून ती खंदकात गेली. १९५० ची रेमिंग्टन ८७० सुद्धा मैदानातून पोलिसांच्या गाडीपर्यंत पोचली. म्हणजे आज ज्यांना आपण दोन वेगळी घराणी समजतो, त्यांचं मूळ एकच.

तेव्हा कुणी तुमच्या आवडीला नाक मुरडलं तर वाद घालू नका. त्यांची बंदूक दोन-चार बारांपुरती मागून पाहा. शॉटगनवाले बंदूक आनंदाने देतात, दोन्ही गटांतले.

३. बोअर आणि काडतूस: इथे चूक चालत नाही

बोअर हा आकडा उलटा चालतो. नळीच्या आतल्या मापाच्या शिशाच्या किती गोळ्या मिळून एक पौंड भरतो, तो हा आकडा. बारा बोअरची नळी आतून साधारण १८.५ मिलिमीटर, वीस बोअरची १५.६. फक्त ४१० हा अपवाद. तो इंचाचा दशांश आहे, म्हणजे ०.४१० इंच.

पहिली बंदूक बारा बोअरचीच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. काडतुसांची निवड सर्वांत मोठी, २४ ग्रॅमच्या हलक्या लोडपासून (लोड म्हणजे काडतुसातला छर्ऱ्यांचा भरणा) जड लोडपर्यंत सगळं मिळतं. शरीरयष्टी बारीक असेल तर बारा बोअरमध्येच हलका लोड वापरा. फार हलक्या वीस बोअरपेक्षा तो खांद्याला सोपा जातो.

दोन सापळे नीट लक्षात ठेवा.

पहिला सापळा जीवघेणा आहे. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या नळीत टाकलं तर ते आत घसरून पुढे अडकतं. चाप ओढल्यावर काहीच होत नाही, चेंबर (नळीत काडतूस बसतं तो मागचा भाग) रिकामं दिसतं, माणूस मागून बारा बोअरचं काडतूस भरतो आणि नळी फुटते. वीस बोअरची काडतुसं प्रथेने पिवळ्या रंगाची करतात ती यासाठीच. दोन बोअरची काडतुसं एका पिशवीत किंवा एका खिशात कधीही ठेवू नका.

दुसरा सापळा चेंबरच्या लांबीचा. काडतुसावर ७० किंवा ७६ मिलिमीटर लिहिलेलं असतं. ती लांबी बार झाल्यावर उलगडलेल्या काडतुसाची. म्हणून ७६ चं काडतूस ७० च्या चेंबरमध्ये सहज बसतं आणि बसलं म्हणजे चालतं, असं वाटतं. चालत नाही. तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. जुन्या दुनळीत ६५ चं चेंबरही सापडतं. नळीवर कोरलेला आकडा वाचा. वाचता येत नसेल तर बंदूक कारागिराकडून मोजून घ्या.

४. यंत्रणा कोणती?

ओव्हर-अंडर किंवा साइड-बाय-साइड (दोन नळ्या शेजारी-शेजारी) मोडली की रिकामी आहे हे मैदानावरच्या सगळ्यांना लांबून दिसतं. शिकणाऱ्यासाठी मला हा गुण सर्वांत मोठा वाटतो. शिवाय दोन नळ्यांना दोन वेगळे चोक (छर्ऱ्यांचा पसारा ठरवणारे, सहाव्या भागात पाहू) लावता येतात.

सेमी-ऑटोमध्ये, म्हणजे बार झाला की पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या बंदुकीत, धक्का कमी जाणवतो, विशेषतः गॅसवर चालणाऱ्या प्रकारात. इनर्शियावर, म्हणजे धक्क्याच्या जोरावर, चालणारी स्वच्छ राहते, पण फार हलक्या लोडने ती कधीकधी पूर्ण फिरत नाही. टॅक्टिकल अंगाने खेळायचं असेल तर बहुतेक लोक शेवटी सेमी-ऑटोवरच येतात.

पंप स्वस्त आणि टणक. कच खाऊन हात अर्धवट मागे ओढला तर अडकते. ठामपणे ओढायची सवय लावावी लागते. एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती: आयएसएसएफच्या, म्हणजे ऑलिंपिक पद्धतीच्या ट्रॅप आणि स्कीटमध्ये पंप अ‍ॅक्शन चालतच नाही. सेमी-ऑटो चालते, बारा बोअरहून रुंद नळी चालत नाही. पुढे स्पर्धेत उतरायचा विचार असेल तर हे खरेदीआधी कळायला हवं.

५. दस्ता अंगाला बसतो का?

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. तबकड्यांच्या शॉटगनला मागची साइट नसते. तुमचा डोळाच मागची साइट असतो. तो कुठे येणार, ते दस्ता ठरवतो. गाल टेकतो ती कड एक-दोन मिलिमीटर उंच असली तरी छर्रे वर जातात.

आधी कोणता डोळा प्रबळ आहे ते पाहा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून दूरची वस्तू पाहा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला ती वस्तू फटीत तशीच दिसत राहते, तो प्रबळ. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डावा डोळा प्रबळ निघाला तर दुसऱ्या खांद्यावरून शिकायचं की चष्म्याच्या काचेवर छोटी चिकटपट्टी लावायची, हे प्रशिक्षकासोबत सुरुवातीलाच ठरवा. मी हे सहा महिन्यांनी केलं आणि तेवढ्या महिन्यांची सवय मोडावी लागली.

आता रिकामी बंदूक, रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, सुरक्षित दिशेला धरा. डोळे मिटा, बंदूक खांद्याला लावा, गाल टेकवा, डोळे उघडा. पुढचा मणी (नळीच्या टोकावरचा बारीक गोळा) रिबच्या, म्हणजे नळीवरच्या सपाट पट्टीच्या, मधोमध, तिला जवळजवळ टेकून दिसला पाहिजे. रिबचा लांबलचक पट्टा दिसत असेल तर दस्ता तुमच्यासाठी उंच. नळीचा मागचा भागच मध्ये येऊन मणी झाकला जात असेल तर खाली. मणी बाजूला दिसत असेल तर दस्त्याचा आडवा कल जुळत नाही. हे दहा वेळा करा. दहाही वेळा तेच दिसायला हवं.

लांबी, म्हणजे चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर, स्पोर्टिंग बंदुकांत साधारण १४ ते १५ इंच असते. टॅक्टिकल दस्ते १२.५ ते १३.५ च्या आसपास, कारण तिथे छाती लक्ष्याकडे सरळ ठेवून उभं राहतात आणि अंगावर संरक्षक जाकीटही असू शकतं. लांब दस्ता काखेत अडकतो. फार आखूड दस्त्यात अंगठ्याचा सांधा नाकावर आपटतो. एकदा आपटला की पुढच्या प्रत्येक बारला मान मागे जाते. टॅक्टिकल दस्ता गालाच्या कडेला सपाट असेल तर उंची वाढवण्याची सोय आहे का ते पाहा. आणि दस्ताच नसलेली, नुसत्या मुठीची शॉटगन पहिली म्हणून घेऊ नका. तिच्याने काहीही शिकता येत नाही.

६. नळी, चोक आणि साइट

आखूड नळीतून छर्रे जास्त पसरतात, हे तुम्हाला दहा जण सांगतील. पसारा मुख्यतः चोकवर ठरतो, नळीच्या लांबीवर फार थोडा. लांबीने बदलतो तो तोल. २८, ३० किंवा ३२ इंची नळी एकदा फिरू लागली की फिरत राहते. १८ ते २० इंची झटकन सुरू होते आणि तितक्याच झटकन थांबते. तबकडीच्या मागून बार जातो तो त्या थांबण्यामुळेच.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाची चिंचोळ. ४० यार्डांवर, म्हणजे साधारण ३६.५ मीटरवर, ३० इंची वर्तुळात किती छर्रे पडतात यावर जुना हिशोब आहे: सिलिंडर (चिंचोळ नसलेला) ४० टक्के, इम्प्रूव्हड सिलिंडर ५०, मॉडिफाइड ६०, फुल ७०. स्कीटला मोकळा चोक, ट्रॅपला घट्ट. चोक बदलता येणारीच नळी घ्या. पुष्कळ टॅक्टिकल नळ्या कायमच्या सिलिंडर असतात. पाट्यांना पुरतं, दूरच्या तबकडीला नाही. पोलादी छर्रे वापरणार असाल तर नळी आणि चोक त्यासाठी चालतात का हे निर्मात्याच्या पुस्तिकेत पाहा. जुन्या, पातळ नळीच्या दुनळीत ते घालू नका.

रेड डॉट स्थिर लक्ष्यावर उत्तम. तबकडीवर शिकताना नको. नजर ठिपक्यावर खिळते आणि तबकडी निसटते.

७. वजन आणि धक्का

जुने बंदूककार सांगत की बंदुकीचं वजन छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावं. २८ ग्रॅमला साधारण २.७ किलो. तबकड्यांच्या बंदुका त्याहून बऱ्याच जड, साडेतीन ते चार किलोच्या असतात, कारण तिथे दिवसाला १०० बार होतात. तेच काडतूस ३.६ किलोच्या ऐवजी ३ किलोच्या बंदुकीतून मारलं तर मागे येणारी ऊर्जा सुमारे २० टक्क्यांनी वाढते. दुकानात हलकी बंदूक हाताला गोड लागते. साठाव्या बारनंतरचा खांदा डोळ्यांपुढे आणा.

८. कायदा आणि कागदपत्रं

तुमच्या देशाचा कायदा पुष्कळदा तुमच्या आवडीआधीच निवड करून टाकतो. अमेरिकेत विशेष नोंदणीशिवाय शॉटगनची नळी १८ इंचांहून आखूड चालत नाही. ब्रिटनमध्ये शॉटगन सर्टिफिकेटवर २४ इंचांची किमान मर्यादा आहे आणि पंप किंवा सेमी-ऑटोच्या मॅगझिनमध्ये दोनच काडतुसं. ऑस्ट्रेलियात १९९६ पासून पंप आणि सेमी-ऑटो शॉटगनवर कडक बंधनं आहेत. म्हणून बंदूक पसंत करण्याआधी नियम वाचा. साधारणपणे ही जुळणी लागते:

- परवाना, आणि त्यात नेमका कोणता प्रकार व बोअर नमूद आहे ते
- ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा
- क्लबचं सदस्यत्व किंवा सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, जिथे मागतात तिथे
- कुलूपबंद कपाटाची सोय. काडतुसं वेगळी ठेवायला वेगळी जागा
- वापरलेली बंदूक असेल तर आधीच्या मालकाची कागदपत्रं आणि त्यावरचा क्रमांक बंदुकीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहणं
- ने-आण करण्याचे नियम, छापील प्रत सोबत

मॅगझिन वाढवणं, नळी कापणं, दस्ता बदलणं यांनी बंदुकीचा कायदेशीर वर्गच बदलू शकतो. टॅक्टिकल बंदुकीला सुटे भाग जोडायचा मोह लवकर होतो. प्रत्येक भागाआधी नियम बघा.

९. वापरलेली बंदूक तपासताना

ओव्हर-अंडरचा पुढचा लाकडी भाग काढून नळ्या बंद करा आणि हलवून पाहा. खडखड असेल तर सोडून द्या. वरचा खटका बंद स्थितीत मध्यापासून थोडा उजवीकडे असला तर झीज कमी. मध्य ओलांडून डावीकडे गेला असेल तर काम निघालेलं आहे. नळीतून उजेडाकडे पाहा. आतली वर्तुळं समकेंद्री दिसायला हवीत. पोचा असला की ती मोडतात. चोक हाताने सुटतो का बघा, गंजून बसलेला चोक मोठी डोकेदुखी. लाकूड धातूला भिडतं तिथल्या बारीक चिरा शोधा.

पंप आणि सेमी-ऑटोत डमी काडतुसं घालून दहा-वीस वेळा फिरवा. एका वेळी एकच यायला हवं आणि पूर्ण बाहेर पडायला हवं.

१०. मैदानावरचा पहिला दिवस

सोबत घ्या: कानाचं आणि डोळ्यांचं संरक्षण (शॉटगनचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, एका बारानेही कान दुखावू शकतो), टोपी, एकाच बोअरची काडतुसं, चोकची किल्ली, सेमी-ऑटो असेल तर चेंबरमध्ये घालायचा झेंडा (बंदूक रिकामी असल्याची खूण), नळी साफ करायची काठी.

ओव्हर-अंडर कायम मोडून न्यायची, सेमी-ऑटो आणि पंपचा बोल्ट उघडा. काडतूस फक्त मारायच्या जागेवर, पाळी आल्यावर. बार फुसका वाटला तर थांबा, नळी सुरक्षित दिशेला ठेवून थोडा वेळ जाऊ द्या, बंदूक रिकामी करा आणि नळीतून आरपार पाहा. आत वॅड (काडतुसातला दारू आणि छर्ऱ्यांमधला बोळा) अडकलेलं असताना पुढचा बार काढला तर नळी फुटते. घरी परतण्याआधी हात साबणाने धुवा; शिशाची धूळ हाताला लागलेली असते.

११. तबकडीआधी कागद

मोठा कागद लावा, मध्ये ठिपका काढा आणि १६ यार्डांवर, म्हणजे १४.६ मीटरवर उभे राहा. बंदूक खांद्याला आणताच, नेम न धरता, बार काढा. त्याच कागदावर पाच-सहा बार. मधला गठ्ठा ठिपक्यापासून किती सरकला ते मोजा आणि त्याला १६ ने भागा. गालाच्या कडेत तेवढा बदल हवा. गठ्ठा १० सेंटिमीटर वर असेल तर कड साधारण ६ मिलिमीटर खाली हवी. हे गणित जमतं कारण डोळ्यापासून नळीच्या तोंडापर्यंतचं अंतर साधारण यार्डभर असतं. नळी फारच आखूड असेल तर भागाकार थोडा बदलतो. ट्रॅपच्या बंदुका मुद्दाम थोड्या वर मारतात, कारण तिथे तबकडी वर चढत असते. तिथे लगेच दुरुस्ती करू नका.

बदल आधी तात्पुरता करा. दस्त्यावर चिकटणाऱ्या पट्ट्या, पाठीमागे पातळ चकत्या. त्यावर चार-पाचशे बार काढा, पुन्हा कागद लावा, आकडे वहीत तारखेसह लिहा. दोन्ही वेळचे आकडे जुळले तरच कारागिराकडे जा, आणि जाताना ती वही सोबत न्या.